देवघरातलं गाडीचं पुस्तक

ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल मी इंजिन बंद ठेवून मोजलं. एकदा नाही, ओळीनं तीन रविवार. तिन्ही वेळा पट्टीवर तेल काठोकाठ दिसलं, आणि तिसऱ्या रविवारी मी खाली ठेवलेल्या फडक्याला हात पुसत, डॉक्टर बाहेर येऊन नातेवाइकांना सांगतात त्या आवाजात, गिअरबॉक्स गेला असं जाहीर केलं.

यात चूक काय झाली हे ज्यांना कळलं नसेल त्यांनी वाईट वाटून घेऊ नये. मलाही कळलं नव्हतं, आणि मी तर त्या विषयातला मल्लेश्वरममधला जाणकार समजला जात होतो. समजणारे एकूण तीन होते. त्यातला एक मी.

बाकीचे दोघे म्हणजे बँकवाला आणि दंतवैद्य. नव्वदीचं दशक निम्मं सरलं होतं. मी पुण्याहून संगणकाच्या नोकरीसाठी बंगलोरला आलो होतो, बँकवाला नागपूरहून बदली होऊन आला होता, आणि दंतवैद्य बेळगावचा, तिथून इथे येऊन त्यानं दवाखाना थाटला होता. तिघांनाही गाड्यांचं वेड. गाडी मात्र एकट्या दंतवैद्याकडे होती, तीही एवढीशी, डबा उलटा ठेवावा तशी. दर रविवारी सकाळी मल्लेश्वरममधल्या एका दर्शिनीत, म्हणजे उभ्या-उभ्या खायच्या हॉटेलात, आम्ही जमायचो. दोन इडल्या, एक वडा आणि प्रत्येकी तीन कॉफ्या होईपर्यंत जगातल्या सगळ्या महागड्या गाड्यांचा निकाल लावायचो. माहितीचा उगम म्हणजे पदपथावर मिळणारी दोन-तीन वर्षं जुनी विलायती मासिकं. ज्या गाडीबद्दल आम्ही हमरीतुमरीवर येत असू ती अनेकदा कारखान्यानं बनवायचीसुद्धा बंद केलेली असे.

ऑटोमॅटिक गिअरबॉक्स हा आमचा हक्काचा शत्रू. तिघांपैकी एकानंही ऑटोमॅटिक गाडी चालवली नव्हती, त्यामुळे मतं अगदी शुद्ध होती.

"ऑटोमॅटिक म्हणजे आपल्या वतीनं दुसऱ्यानं सही करणं," बँकवाला म्हणायचा. "खातं तुमचं, पण व्यवहार त्याचा."

दंतवैद्य वड्याचा तुकडा सांबारात बुडवत म्हणायचा, "मला तर भूल देऊन दात काढल्यागत वाटतं बघा. काम होतंय, पण आपल्याला काय झालं ते कळतंय कुठं?"

मी शेवटी बोलायचो, कारण शेवटी बोललेलं लक्षात राहतं अशी माझी समजूत होती. "गाडी चालवणाऱ्याची लायकी त्याच्या डाव्या पायात असते," मी म्हणायचो. "क्लच किती हळुवार सुटतो, बस. ज्याला डावा पाय वापरता येत नाही त्यानं मागे बसावं आणि बाहेर बघावं."

हे वाक्य मला फार आवडायचं. म्हणून बंगलोरात भाड्यानं खोली घेताना, घरमालकांनी 'आवड कशाची?' असं विचारल्यावर मी ते त्यांनाही ऐकवलं. घरमालक टेबलामागे बसले होते. सत्तरीच्या आसपासचे, कपाळाला बारीक गंध, अंगात अर्ध्या बाह्यांचा पांढरा सदरा. सगळी गल्ली त्यांना अण्णा म्हणायची आणि त्यांच्या बायकोला अक्का. त्यांचं मराठी घराणं तीनशे वर्षांपूर्वी इकडे आलेलं. मी पुण्याचा म्हटल्यावर त्यांनी शांतपणे विचारलं होतं, "आम्ही इकडं आलो तेव्हा तुमचं पुणं केवढं होतं रे?"

माझं डाव्या पायाचं वाक्य त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं. "सरी," म्हणाले, म्हणजे ठीक. मग टेबलाला टेकवलेली काठी घेतली आणि मला वरची खोली दाखवायला उठले. त्यांचा डावा पाय गुडघ्यात वाकत नव्हता. खांबासारखा सरळच. जिन्याच्या सतरा पायऱ्या ते एक पाय ओढत चढले आणि मी मागून, दोन्ही पाय धड असून, जमिनीत जायला जागा शोधत चढलो.

खोली त्यांनी मला दिली तरी. "बोलतोस जास्त, पण घरात स्वल्प आवाज हवाच," असं अक्का म्हणाल्या. अक्का शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झाल्या होत्या, आणि समोरचा माणूस चाळिशीचा असला तरी त्याच्याकडे नववी ब मधला समजून बघायच्या.

खरा धक्का दुसऱ्या दिवशी बसला. घराच्या बाजूला पत्र्याची शेड होती. अण्णांनी आतल्या गाडीवरची चादर काढली, आणि मी कितीतरी वेळ नुसता उभा राहिलो. लांबलचक, बुटकी, दोन दारांची विलायती गाडी. दूध कमी पडलेल्या कॉफीचा रंग. आत लाकूड, कातडं, आणि त्या दोन्हींचा मिळून एक जुना वास. पुढे बारा सिलिंडरचं इंजिन. सकाळी एका देशात न्याहारी करून रात्रीचं जेवण तिसऱ्या देशात घ्यावं, आणि उतरताना शर्टाची घडीसुद्धा मोडू नये, यासाठी असल्या गाड्या बनवायचे. मासिकं वाचून मी तिच्यावर तीन वर्षं टीका केली होती. आणि दोन सीटांच्या मधे होता तो शत्रू: ऑटोमॅटिकचा दांडा.

गाडीची कथा अण्णांनी चार वाक्यांत सांगितली. चिकमगळूरकडच्या एका कॉफीच्या मळ्यावर ते व्यवस्थापक होते. तिथे जीप उलटून पाय गेला. मळ्याचा मालक कायमचा विलायतेला निघाला तेव्हा ही गाडी अण्णांच्या दारात लावून म्हणाला, हिला डावा पाय लागत नाही, आणि पाय सरळ ठेवायला पुढे भरपूर जागा आहे. तेव्हापासून अण्णा ती चालवत होते. दर रविवारी अक्कांना घेऊन बनशंकरीच्या देवळात जायचं. राहुकाळात तिथे लिंबाच्या अर्ध्या सालींत तूप घालून दिवे लावतात, तो अक्कांचा नेम.

"ही एकच गाडी आहे जगात," अण्णा म्हणाले, "जी मला चालीवता येते."

पण गेले आठ महिने ती शेडमधून हलली नव्हती. दांडा पुढे जायच्या 'डी'वर टाकला की गाडी विचारात पडायची. इंजिन ओरडायचं, चाकं ढिम्म. मागे तर जायचीच नाही. तिची नाडी ओळखणारा म्हातारा मेस्त्री केरळला लेकाकडे राहायला गेला होता. अण्णा दर रविवारी दहा मिनिटं इंजिन सुरू करून ठेवायचे, मग चादर घालायचे, आणि दोघं नवराबायको रिक्षानं बनशंकरीला जायची. रिक्षात अण्णांचा सरळ पाय बाहेर यायचा. अक्का तो मांडीवर लिंबांच्या पिशवीशेजारी धरून बसायच्या.

अण्णांनी मला विचारलं, "तुला गाड्यांतलं कळतं म्हणतोस. स्वल्प बघतोस का?"

आता या क्षणी शहाणा माणूस म्हणाला असता, की अण्णा, मी मासिकं वाचतो. मी बॉनेट उघडलं.

तेल मोजायची पट्टी सापडली हाच माझ्यासाठी मोठा विजय होता. आयुष्यभर इंजिनाचं तेल जसं मोजलं तसंच हेही मोजलं: गाडी बंद, पट्टी ओढायची, पुसायची, बुडवायची, बघायची. तेल पूर्ण. पुढच्या रविवारी पुन्हा पूर्ण. तिसऱ्या रविवारी बँकवाला आणि दंतवैद्य साक्षीला होते. तेल पूर्ण आहे, तरी गाडी ओढत नाही, अर्थात आतलं यंत्र संपलं. तर्कात कुठेही फट नव्हती.

मग सुरू झाली मतं. खुद्द रोग्याच्या उशाशी.

"बारा सिलिंडर आणि तीन गिअर!" बँकवाला कळवळून म्हणाला. "आपल्या रिक्षाला एक सिलिंडर आणि चार गिअर असतात. डोकं ठिकाणावर असलेला माणूस असं करेल का?"

"लांब पल्ल्याची गाडी आहे. तीन पुरतात की," दंतवैद्य म्हणाला.

"पुरतात म्हणजे? जेवण पुरतं, गिअर पुरत नसतात."

"ऑटोमॅटिक काढा," मी निकाल दिला. "एखादा दणकट हातानं टाकायचा गिअरबॉक्स बसवा. क्लच बसवा. मग बघा ही गाडी कशी जिवंत होते ते."

"भले!" दोघेही म्हणाले. आम्हा तिघांचं एकमत वर्षातून एकदाच होत असे.

अण्णा शेडच्या दारात काठीवर रेलून उभे होते. त्यांनी एकच विचारलं. "मग मी चालीवू कशी?"

 बँकवाल्यानं पाना उचलून परत ठेवला. आपण एका माणसाला, त्याचा जो पाय चालत नाही त्यानंच चालवायची गाडी सुचवली, हे हळूहळू आमच्या डोक्यात शिरलं.

अण्णा आत गेले. संध्याकाळी त्यांनी मला बोलावून सांगितलं की बरं करता येत नसेल तर ती नुसती उभी ठेवून गंजवण्यात अर्थ नाही, गिऱ्हाईक असेल तर बघ. आणि मी, जबाबदारीनं वागायचं म्हणून, गिऱ्हाईक शोधलंसुद्धा. शहराबाहेर त्याचं वर्कशॉप होतं. तो गाडीत डिझेल इंजिन घालणार होता आणि ऑटोमॅटिक भंगारात टाकणार होता. "इंडिया में ऑटोमॅटिक चलता नहीं, सर," तो मला म्हणाला. माझंच मत होतं ते, पण त्याच्या तोंडून ऐकताना तोंड कडू झालं. पुढच्या रविवारी दुपारी साडेतीनला तो लॉरी घेऊन गाडी ओढून न्यायला येणार, असं ठरलं.

तो रविवार. सकाळी अकराला आम्ही तिघं निरोप द्यायला शेडमध्ये जमलो. घरात अक्कांचा दगडी ग्राइंडर डोशाचं पीठ वाटत घरघरत होता. अण्णा थोडा वेळ गाडीत बसले, मग उतरून अंगणातल्या खुर्चीत जाऊन बसले. मी बॉनेट उघडलं. उघडायची काही गरज नव्हती. पण बँकवाल्यानं दर्शिनीत विचारलं होतं, "तू नीट मोजलंस ना रे?" आणि तो प्रश्न मला लागला होता.

"हे बघ," मी त्याच्याकडे तोंड करून, गाडीकडे पाठ वळवल्यासारखा उभा राहून म्हणालो, "चौथ्यांदा दाखवतो. पट्टी अशी ओढायची. अशी पुसायची. अशी बुडवायची. आणि अशी..."

पट्टी कोरडी होती.

कोरडी म्हणजे टोकाला नावालासुद्धा थेंब नाही. मी पुन्हा बुडवली. पुन्हा कोरडी.

"चोरलं!" मी ओरडलो. "अण्णा, रात्रीतून कोणीतरी तेल चोरलं!"

"अय्यो, आरडू नको," अण्णा खुर्चीतून म्हणाले. "आणि हात आत घालू नको. इंजिन चालू आहे."

मी वाकून बघितलं. पंखा फिरत होता. माझ्या बोटांपासून वीतभर अंतरावर, केव्हापासून, निमूटपणे फिरत होता. मला दिसला नव्हता कारण मी बोलत होतो. ऐकू आलं नव्हतं कारण त्या बारा सिलिंडरांचा आवाज अक्कांच्या ग्राइंडरपुढे काहीच नव्हता. अण्णांनी शेवटचं म्हणून इंजिन सुरू करून ठेवलं होतं आणि ते गाडीत बसून काय करत होते हे विचारायचं एकालाही सुचलं नव्हतं.

दंतवैद्यानं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. थोडं थांबून मी पट्टी बुडवली. पूर्ण! त्यानं सुरू केलं. कोरडी. बंद. पूर्ण. आम्ही हे पाच वेळा केलं. जत्रेतल्या जादूच्या पेटीभोवती उभी असावीत तशी तीन मोठी माणसं.

"पट्टी खराब आहे," बँकवाला म्हणाला.

"पट्टी कशी खराब होईल? ती पट्टी आहे," मी म्हणालो.

"यातलं खरं कुठलं धरायचं तेवढं सांगा की," दंतवैद्य म्हणाला.

आवाज वाढले तसा घरातला ग्राइंडर थांबला आणि अक्का पिठाचे हात घेऊन दारात आल्या. "काय चाललंय?" मी सांगितलं. त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. मग विचारलं, "पुस्तकात काय लिहिलंय?"

"कुठल्या पुस्तकात?"

"गाडीच्या. गाडीबरोबर आलं होतं ते."

आम्ही तिघांनी एकमेकांकडे बघितलं. गाडीबरोबर पुस्तक येतं हे आम्हाला ठाऊक होतं. पण ते हौशी माणसानं वाचायचं नसतं. ते ज्यांना गाडीतलं कळत नाही त्यांच्यासाठी असतं.

"कुठे आहे ते?" मी विचारलं.

"देवाजवळ. आणखी कुठं असणार?"

झालं होतं असं. दर दसऱ्याच्या वेळी आयुधपूजेला घरातली हत्यारं आणि वाहनं पुजतात, आणि सरस्वतीपुढे पुस्तकं मांडतात. गाडीचं पुस्तक हे वाहनही होतं आणि पुस्तकही, म्हणून पहिल्या वर्षी अक्कांनी ते देवघरात ठेवलं. म्हातारा मेस्त्री असेपर्यंत त्याची गरज पडली नाही. मग ते तिथेच राहिलं. दरवर्षी त्याला हळदकुंकू वाहिलं जायचं, फूल वाहिलं जायचं. इतक्या वर्षांत त्याची पूजा एकदाही चुकली नव्हती आणि वाचन एकदाही झालं नव्हतं.

अक्का हात धुऊन ते घेऊन आल्या. मुखपृष्ठ कुंकवानं लाल झालं होतं. एका पानातून वाळकं शेवंतीचं फूल पडलं. त्यांनी चष्मा लावला, अनुक्रमणिका बघितली, आणि नीट पान काढून इंग्रजी परिच्छेद वर्गात वाचतात तसा खणखणीत वाचला. मग आमच्याकडे बघून मराठीत अर्थ सांगितला, कारण आम्हाला कळलं असेल असा त्यांना विश्वास नव्हता. गाडी सपाट जागी उभी करावी. इंजिन गरम होऊ द्यावं. दांडा 'पी'वर, म्हणजे पार्किंगवर, ठेवावा. आणि इंजिन चालू असतानाच तेल मोजावं.

"चालू असतानाच," त्यांनी पुन्हा सांगितलं, माझ्याकडे बघून. "खाली रेघसुद्धा मारली आहे. छापतानाच."

"पण बंद असताना पूर्ण कसं दिसतं?" मी क्षीणपणे विचारलं.

अक्कांनी पुढचा परिच्छेद मनात वाचला. "शाळा भरली की पोरं वर्गात असतात, सुटली की सगळी अंगणात. इंजिन चालू असतं तेव्हा तेल आत कामाला गेलेलं असतं, बंद झालं की खाली येऊन साठतं. तू शाळा सुटल्यावर अंगणात जाऊन पोरं मोजलीस आणि म्हणालास, पट पूर्ण आहे."

म्हणजे तेल कमी होतं. फक्त कमी! आठ महिने जो मेला म्हणून शेडमध्ये पडला होता तो गिअरबॉक्स नुसता तहानलेला होता.

अण्णा खुर्चीतून उठले होते. काठी खुर्चीलाच राहिली होती. "किती वाजले?" त्यांनी विचारलं.

बारा वाजत आले होते. साडेतीनला लॉरी.

त्यानंतर आम्ही जे केलं त्याला मी आजही आमच्या आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी मानतो. त्या गिअरबॉक्सला लागतं ते तेल लाल असतं. तसंच तेल काही मोठ्या गाड्यांच्या पॉवर स्टिअरिंगलाही घालतात, हे बँकवाल्याला माहीत होतं. इतक्या वर्षांत त्याच्या मासिकवाचनाचा झालेला हा पहिला उपयोग. यशवंतपूरला लॉऱ्यांचा तळ असतो, तिथली तेलाची दुकानं रविवारीही उघडी. दंतवैद्यानं आपली डबा-गाडी अशी पिटाळली की परत आला तेव्हा तिच्यातून वाफ निघत होती. अक्का डब्यावरचं नाव आणि पुस्तकातलं नाव अक्षर अक्षर लावून बघेपर्यंत त्यांनी कोणाला झाकण उघडू दिलं नाही.

पट्टीची नळी करंगळीएवढी बारीक, तेल त्याच नळीतून ओतायचं. अक्कांनी दिव्याच्या तेलाचं छोटं नरसाळं दिलं. दंतवैद्यानं दवाखान्यातली बारीक रबरी नळी आणून त्याला जोडली. मग तो गाडीखाली सरपटत गेला आणि तिथून ओरडला, "सापडलं! इथल्या होजपाइपच्या जोडाला पाझर आहे!" त्यानं तो पाझरणारा जोड बारीक तारेनं असा आवळला की वर येऊन म्हणाला, "माणसाचा दात असता तर बिल लावलं असतं बघा."

आणि इंजिन चालू ठेवून, थोडं थोडं तेल ओतत, दर खेपेला पट्टी बघत मी ते भरलं.  मी एकदाही बोललो नाही. बँकवाला म्हणाला की मला ओळखत असल्यापासून एवढी शांतता त्यानं पहिल्यांदाच ऐकली.

तीन वाजून वीस मिनिटांनी पट्टीवर तेलाची लाल रेघ जिथे यायला हवी तिथे आली.

अण्णा आत बसले. उजवा पाय ब्रेकवर, डावा त्या लांब पोकळीत सरळ पसरलेला. त्यांनी दांडा 'आर'वर ओढला. गाडी किंचित दबली, पाठीवर हात ठेवल्यावर गाय दबते तशी. अण्णांनी ब्रेक सोडला आणि ती मागे सरकली. कसलीही कुरकुर न करता, आठ महिन्यांची चाकांखालची धूळ तिथेच टाकून, उन्हात आली.

बँकवाल्यानं शिट्टी मारली. दंतवैद्य कन्नडमध्ये काहीतरी ओरडला. अण्णांनी चष्मा काढून सदऱ्याच्या टोकानं पुसला, आणि तो पुसायला जितका वेळ लागायला हवा त्याहून बराच जास्त वेळ लावला.

नेमकी तेव्हा फाटकापाशी लॉरी येऊन थांबली. गिऱ्हाईक उतरला. साखळदंड हातात, आणि समोर न चालणारी गाडी चालत येतेय.

अण्णांनी काच खाली केली. "स्वल्प लॉरी मागं घ्या," ते कन्नडमध्ये आदरानं म्हणाले. "आम्हाला देवळात जायचंय. राहुकाळ साडेचारला लागतो."

तो माझ्याकडे वळला. "सर, आप तो बोले थे..."

"बोले थे," मी म्हटलं. नाकारण्यात अर्थ नव्हता. अक्कांनी त्याला कॉफी पाजली, तो दोन वेळा गाडीभोवती फिरला, आणि जाताना मान हलवत म्हणाला की ही देत असाल तर पहिलं मला सांगा, पण आता मी तिचा गिअरबॉक्स काढणार नाही. एवढ्या अवधीत माझ्यापेक्षा लवकर त्यानं मत बदललं होतं.

आम्ही निघालो. अक्का पुढे, मांडीवर लिंबांची पिशवी. आज तिथे पाय नव्हता. मी मागच्या त्या नावापुरत्या सीटवर आडवा, गुडघे कानाशी. बँकवाला आणि दंतवैद्य मागून डबा-गाडीत. त्या प्रवासात मी गिअर बदलल्याचे क्षण मोजायचे ठरवलं होतं, मत बनवायला. मल्लेश्वरम सुटलं, चढ आला, उतार आला, सर्कलं आली, बसगाड्या आल्या. मला एकही क्षण पकडता आला नाही. गाडी दर वेळी आधीच योग्य गिअरमध्ये असायची. अण्णा दोन बोटांनी चालवत होते. सिग्नलला शेजारचा रिक्षावाला वाकून वाकून बघत राहिला. अण्णा त्याला म्हणाले, "बारा सिलिंडर. तीन गिअर. पुरतात." म्हणजे आमची त्या दिवशीची चर्चा त्यांनी शब्द न् शब्द ऐकली होती.

बनशंकरीला दिवे लागले. अक्कांनी नेहमीपेक्षा दोन लिंबं जास्त कापली. एक मेस्त्रीसाठी आणि एक, त्या म्हणाल्या, पुस्तकासाठी. पायऱ्यांपाशी बँकवाला माझ्या कानात पुटपुटला, "मला वाटतं लांब पल्ल्याच्या गाडीला ऑटोमॅटिकच हवा. मी आधीपासून म्हणतोय." मी त्याला आठवण करून दिली नाही. माझंही तेच म्हणणं आता आधीपासूनचं होतं.

परत निघताना अण्णांनी किल्ली माझ्यापुढे धरली. "चालीव," ते म्हणाले. "इतकी मतं दिलीस, आता एक अनुभवानं दे."

मागे उभ्या दोघांचे चेहरे बघून घेतले आणि मी बसलो. अण्णा शेजारी, अक्का मागे, प्रसादाचं ताट त्यांच्या मांडीवर. 'डी'. ब्रेक सोडला. ती निघाली, आणि मी हसलो. आपण बारा सिलिंडर चालवतोय! रस्ता मोकळा होता. वेग वाढला, इंजिन गुणगुणलं, आणि माझ्या इतक्या वर्षांच्या हळुवार, नामांकित डाव्या पायाला वाटलं की आता दुसरा गिअर टाकायची वेळ झाली. तो उठला आणि त्यानं क्लच पूर्ण दाबला.

क्लच नव्हता. ब्रेक होता. चांगला रुंद.

गाडी भिंतीला लागल्यासारखी थांबली. मागून डबा-गाडीचा टायर किंचाळला आणि ती आमच्या बंपरपासून बोटभर अंतरावर उभी राहिली. प्रसादाची केळी उडून काचेवर आली, कुंकू लाकडी पट्टीवर, तुळस माझ्या केसांत. अक्का रिकामं ताट धरून बसल्या होत्या. कोणाला लागलं नव्हतं. इंजिन अजूनही चालू होतं, आणि अजूनही ऐकू येत नव्हतं.

अण्णांनी चष्म्यावरचं झेंडूचं पान काढलं, खिडकीबाहेर टाकलं, आणि माझ्या डाव्या पायाकडे बराच वेळ बघितलं.

"माझा एक पाय कमी आहे म्हणून मला ही गाडी जमते रे," ते म्हणाले. "तुझा एक जास्त होतोय. पुढल्या वेळी तो घरी ठेवून ये."